गणवेशाचा रंग ठरतो, कापड कोण ठरवणार?

मार्च लागला की प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ग्रामपंचायतीच्या फलकापर्यंत एकच सूचना झळकते: सुती, सैल, फिकट रंगाचे कपडे घाला आणि उन्हात जाताना डोके झाका. सूचना योग्यच आहे. पण ती देणारी सार्वजनिक व्यवस्थाच शाळकरी मुलाला टेरिकॉटचा, म्हणजे पॉलिएस्टर आणि सुताच्या मिश्रणाचा, सदरा देते, रस्त्यावरच्या कामगाराला वारा अडवणारे चमकदार जाकीट देते आणि घरोघर फिरणाऱ्या सेविकेला अनेकदा सिंथेटिक साडी नेसायला लावते. खरेदीच्या कागदावर रंग असतो, नग असतात, दर असतो. धाग्याचे प्रमाण, कापडाचे वजन, वीण आणि कपड्याचा घेर यांबद्दल बहुधा एक ओळही नसते. किनारपट्टीवर जो कोणी दुसऱ्याला कपडे देतो, किंवा अमुकच कपडे घाला अशी सक्ती करतो, त्याने कापडाचीही जबाबदारी घेतली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. आणि ते कापड इथल्या हवेचा विचार करून निवडलेले हवे. नागपूरला जे चालते ते रत्नागिरीला चालेलच असे नाही.

कारण कोकणचा उन्हाळा तापमापकावर दिसतो त्यापेक्षा वेगळा असतो. घाम फुटल्याने शरीर थंड होत नाही, घाम वाळल्याने होते. एक ग्रॅम घाम त्वचेवर वाळताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. तोच घाम थेंबाथेंबाने गळून गेला तर शरीरातले पाणी आणि मीठ तेवढे जाते, थंडावा काहीच मिळत नाही. घाम किती वेगाने वाळेल हे ओल्या त्वचेलगतचा बाष्पदाब आणि बाहेरच्या हवेतला बाष्पदाब यांच्यातल्या फरकावर ठरते. त्वचा ३५ अंशांची धरली तर तिच्यालगत हा दाब सुमारे ५.६ किलोपास्कल असतो. विदर्भात ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर हवेतला बाष्पदाब साधारण १.२ भरतो, म्हणजे फरक ४.४ चा. रत्नागिरीत ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल तर हवेतलाच दाब ३.५ च्या आसपास जातो आणि फरक उरतो २.१ चा. आकड्यात आठ अंश कमी असूनही घाम ओढून घेण्याची हवेची ताकद निम्म्याहून कमी. म्हणून इथे माणूस निथळत असतो आणि तरी तापलेला असतो.

हवामान खात्यानेही किनारपट्टीसाठी वेगळी मोजपट्टी ठेवली आहे. मैदानी भागात उष्णतेच्या लाटेसाठी निदान ४० अंश लागतात. किनाऱ्यावर ३७ अंश आणि सरासरीहून ४.५ अंश जास्त एवढे पुरते. असे दिवस आपल्याकडे मेपेक्षा मार्चमध्येच बरेचदा येतात, कारण तेव्हा घाटावरून येणारा पूर्वेचा वारा जोर धरतो आणि खारे वारे सुरू व्हायला उशीर होतो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मोकळ्या मैदानात भर उन्हात झालेल्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी आसपासचे तापमान चाळीसच्या आतच होते. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती आणि कपडा हे त्यातले मुख्य कारण होते असे म्हणता येणार नाही. पण चाळिशी गाठली नाही म्हणजे धोका नाही, हा समज किनाऱ्यावर किती घातक आहे हे त्या दिवशी सगळ्यांना कळायला हवे होते.

आता कापडाकडे येऊ. उन्हाळी कापडाला दोन कामे करायची असतात आणि ती एकमेकांच्या विरुद्ध जातात. ऊन अडवायला कापड दाट हवे. घाम आणि हवा जाऊ द्यायला ते मोकळे हवे. ‘जितके पातळ तितके थंड’ हा आपल्याकडचा पक्का समज यातले अर्धेच पाहतो. मलमल सावलीत, घरात, ओटीवर उत्तम. भर दुपारी बागेत किंवा पुळणीवर एकेरी मलमल जवळजवळ उघड्या अंगासारखीच आहे.

याचा हिशेब अगदी सोपा आहे. कापड अतिनील किरण किती अडवते हे यूपीएफ नावाच्या आकड्याने सांगतात. यूपीएफ ५० म्हणजे किरणांचा पन्नासावा भाग, म्हणजे २ टक्के, आत येतो. यूपीएफ ५ म्हणजे पाचवा भाग, २० टक्के. आता धागा कितीही चांगला घेतला तरी दोन धाग्यांमधल्या भोकातून ऊन सरळ येणारच. कापडाच्या पृष्ठभागाचा १० टक्के भाग मोकळा असेल तर त्याचा यूपीएफ १० च्या वर जाऊच शकत नाही. ४ टक्के मोकळा असेल तर २५ ही कमाल मर्यादा. म्हणून धागा सुताचा की पॉलिएस्टरचा याआधी वीण किती दाट आहे हे पाहायचे असते. रात्री मोबाइलची बत्ती कापडाच्या एका पदराखाली धरा. उजेड सगळीकडे सारखा, धूसर दिसला तर वीण चांगली. सुईच्या टोकाएवढे चमकणारे ठिपके दिसले तर तेवढे ऊन अंगावर येणार.

यानंतर तीन गोष्टी फरक पाडतात: धाग्याची जात, रंग आणि ओल. कोऱ्या सुतात नैसर्गिक रंगद्रव्ये आणि मेणचट अंश असतात, ते अतिनील किरण शोषतात. कापड पांढरेशुभ्र करण्यासाठी विरंजन केले की हे अंश निघून जातात. म्हणून त्याच वजनाच्या ब्लीच केलेल्या पांढऱ्या कापडापेक्षा कोरा, पिवळसर मांजरपाट उन्हाला जास्त चांगला. गडद रंग अतिनील किरण जास्त अडवतात, पण उजेडातली उष्णताही जास्त घेतात. आपल्याला मधला रंग बरा: फिकट निळा, खाकी, मातकट, पिस्ता.

ओलीचा मुद्दा आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचा, कारण इथे सदरा दहा वाजताच पाठीला चिकटलेला असतो. तेलाचा डाग पडलेल्या कागदातून जसे पलीकडचे दिसते तसेच भिजलेल्या सुती कापडाचे होते. धाग्यांमधली हवा जाऊन पाणी आले की किरण विखुरत नाहीत, आरपार जातात. साध्या पांढऱ्या सुती टी-शर्टचा यूपीएफ कोरडा असताना ५ ते ७ असतो, तो ओला झाल्यावर ३ च्या आसपास येतो. घामाने चिकटलेला पातळ पांढरा सदरा घालून माडाच्या आळ्यात फावडे मारणाऱ्याच्या पाठीवर जवळजवळ एक तृतीयांश अतिनील किरण पोचतात. त्याने कपडे ‘सुती, फिकट’ सूचनेप्रमाणेच घातलेले असतात.

मग पॉलिएस्टर घ्यावे का? त्याची बाजूही नीट मांडली पाहिजे, नाहीतर सुताचे कौतुक भाबडे ठरते. पॉलिएस्टरच्या रेणूतच बेन्झिनची कडी असते, ती अतिनील-बी किरण शोषते. त्यामुळे तेवढ्याच दाट विणीचे पॉलिएस्टर ब्लीच केलेल्या सुतापेक्षा ऊन जास्त अडवते. ते लवकर वाळते, चुरगळत नाही, आटत नाही, रंग धरून ठेवते. होडीवर पाण्यात उभे राहून काम करणाऱ्याने पातळ, पूर्ण बाह्यांचा, खेळाडू वापरतात तसा पॉलिएस्टरचा टी-शर्ट घातला तर त्यात काही चुकीचे नाही. तिथे वारा आहे आणि कपडा दर तासाला भिजतो आहे. पण वर्गात, बाजारात, आंब्याच्या झाडाखाली वारा नसतो. पॉलिएस्टर स्वतःच्या वजनाच्या ०.४ टक्के एवढाच ओलावा धरते, सूत ८.५ टक्के आणि लिनन सुमारे १२ टक्के. टेरिकॉटच्या ६७:३३ मिश्रणात (६७ टक्के पॉलिएस्टर, ३३ टक्के सूत) हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे त्वचेवरून निघालेली वाफ कापडात शिरायला जागा मिळत नाही, ती आतच कोंडते. काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, मांड्यांच्या सांध्यात घाम साचतो, घामोळे येते आणि पुढे नायटा. कोकणात मुलांना घामोळे येणारच असे आपण धरूनच चाललो आहोत, ते धरून चालायचे कारण नाही.

आणखी एका गोष्टीबद्दल सावध राहिले पाहिजे. हल्ली ‘यूपीएफ ५०+’ असे छापलेले घट्ट हातमोजे, हुडी आणि गळ्यापासून नाकापर्यंतचे नळीसारखे रुमाल सगळीकडे मिळतात. या मोजमापाचे पहिले प्रमाण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने १९९६ मध्ये तयार केले. तिथे गोरी कातडी आहे आणि त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण जगात सर्वाधिकांपैकी आहे, म्हणून त्यांना ५० चा आग्रह धरावा लागतो. आपल्या गव्हाळ आणि सावळ्या कातडीला मेलॅनिनचे काही संरक्षण जन्मतः आहे. आपला पहिला शत्रू उष्माघात आहे. काळवंडणे, वांग आणि उन्हाची ॲलर्जी त्याच्यामागून येतात. म्हणून कोकणात दिवसभर अंगावर घालायच्या कपड्यासाठी यूपीएफ १५ ते २० आणि भरपूर हवा हा सौदा, ५० आणि गुदमर या सौद्यापेक्षा चांगला. दुचाकीवर वारा लागत असताना घट्ट बाह्या चालतील, उतरल्यावर त्या काढून ठेवाव्यात. शिवाय घट्ट कपडा ताणला की त्याची भोके मोठी होतात, छापलेला आकडा न ताणलेल्या कापडाचा असतो.

हवा आणि आडोसा दोन्ही एकाच कपड्यात बसवता येतात. त्यासाठी सगळे कापड दाट घ्यायची गरज नाही, ऊन जिथे पडते तिथेच ते दाट करायचे. सावंतवाडीपासून अलिबागपर्यंत मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस तो हाच. एप्रिल ते जूनपर्यंत दुपारचे ऊन जवळजवळ सरळ उभेच पडते. ते छातीपोटावर कमी आणि डोके, कान, मानेचा मागचा भाग, खांदे, पाठीचा वरचा भाग, पावलांची वरची बाजू यांवर जास्त पडते. तेव्हा सदऱ्याची खांदापट्टी दुहेरी ठेवा आणि ती मागे नेहमीच्या आठ-दहा सेंटिमीटरऐवजी पंधरा सेंटिमीटर खाली आणा. कापडाचा एक पदर २० टक्के किरण आत सोडत असेल तर दोन पदर ढोबळमानाने २० टक्क्यांचे २० टक्के, म्हणजे ४ टक्के सोडतील. यूपीएफ ५ च्या कापडाचे दोन पदर २५ च्या जवळ पोचतात. बाकी सदरा एकेरी, हलका. कॉलर मानेवर उभी राहील अशी. बाही कोपराच्या खाली, मनगटाशी सैल.

घेराचा हिशेबही शिंप्याला मोजून सांगावा. छातीच्या मापापेक्षा कपड्याचा घेर १६ सेंटिमीटर जास्त ठेवला तर अंगाभोवती सरासरी अडीच सेंटिमीटरची पोकळी राहते. दुपारी खारे वारे सुटले की ही पोकळीच हवा खेळवते: बाजूच्या चिरांतून हवा आत जाते, गळ्यातून बाहेर पडते. बाजूला दहा सेंटिमीटरच्या चिरा आणि काखेत आठ सेंटिमीटरची चौकोनी कळी (शिवणीत बसवलेला जादा तुकडा) असली की हात वर करून काम करताना सदरा ओढला जात नाही, पाठीला चिकटत नाही. झेल्याने आंबे उतरवणाऱ्याचे हात दिवसभर वरच असतात. तयार शर्टांत ही कळी नसते, त्यामुळे काखेची शिवण आधी उसवते आणि मग माणूस बाही फाडून टाकून उघड्या हातांनी काम करतो.

उन्हात राबणाऱ्यांनी स्वतःची तोड काढलेलीच आहे. काजूच्या बागेत, आंब्याच्या कलमांत, मिठागरावर, मासळी वाळवायच्या खळ्यावर बायका साडीवरून पुरुषाचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा चढवतात आणि डोक्याला रुमाल गुंडाळतात. कल्पना पक्की आहे: हात झाकले जातात, घेर सैल असतो, पुढे बटणे उघडी ठेवून हवा घेता येते. गडबड एवढीच की तो सदरा बहुधा टेरिकॉटचा असतो आणि टाकून द्यायच्या अवस्थेला आला म्हणून तिच्या वाट्याला आलेला असतो. खांद्यावर तो झिजून जाळीदार झालेला असतो, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त ऊन पडते तिथेच सगळ्यात विरळ. बागायतदार हंगामाला झेले, क्रेट, पेंढा विकत घेतात. त्याच यादीत माणशी एक मांजरपाटाचा किंवा केंब्रिकचा (बारीक, दाट विणीच्या हलक्या सुती कापडाचा), दुहेरी खांद्याचा वरकपडा का असू नये? त्याला कापड अडीच मीटरच्या आसपास लागते आणि नीट धुतला तर तो दोन हंगाम टिकतो. काजूच्या बोंडूचा आणि टरफलाचा चीक अंगाला लागू नये म्हणूनही तो उपयोगी.

किनाऱ्यावर आणि मिठागरावर टोपी पुरत नाही, कारण ऊन खालूनही येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो. तिथे हनुवटी आणि गळा झाकणारा रुमाल हवाच. बाकी ठिकाणी टोपीचा काठ चहूकडून किमान साडेसात सेंटिमीटर असावा. सभा-संमेलनांत वाटतात त्या टोप्या बिनकाठाच्या किंवा फक्त पुढे झाप असलेल्या असतात, कान आणि मान उघडीच राहते. त्यापेक्षा एक सुती पंचा वाटावा. पंचा विरळ विणीचा असतो म्हणून तो चार पदरी करून डोक्यावर घ्यायचा आणि त्याचे टोक मानेवर सोडायचे. भिजवून घेतला तर वाळताना थंडावा देतो. ओला झाल्यावर त्याची ऊन अडवण्याची ताकद घटते, म्हणूनच पदर चार हवेत, एक नाही.

सगळ्यात जास्त माणसांना लागू होणारा प्रश्न शाळेच्या गणवेशाचा. समग्र शिक्षा अभियानात दोन जोडांसाठी विद्यार्थ्यामागे ६०० रुपये धरलेले आहेत. एका जोडाला तीनशे. त्यात कापड, शिलाई, वाहतूक सगळे बसवायचे म्हटले की ६७:३३ टेरिकॉट ठरलेलेच. २०२४-२५ मध्ये राज्याने एकच गणवेश आणि मध्यवर्ती कापडखरेदी करून पाहिली. गणवेश उशिरा मिळाल्याच्या आणि मापे चुकल्याच्या तक्रारी झाल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. या बदलाकडे फक्त प्रशासनाचा फेरफार म्हणून पाहू नये. आता देवगडच्या शाळेला देवगडच्या हवेचे कापड निवडता येते. समितीच्या ठरावात ‘पांढरा किंवा आकाशी सदरा’ एवढेच लिहिले तर मात्र मिळालेला अधिकार वाया जाईल.

ठरावात काय लिहावे? सदरा साध्या विणीच्या कापडाचा, सूत किमान ६० टक्के. व्यापाऱ्यांकडे ६०:४० मिश्रणाला सीव्हीसी म्हणतात आणि ते सहज मिळते. पूर्ण सुती परवडले तर केंब्रिक किंवा हलके पॉपलिन. वजन चौरस मीटरला १०० ते ११५ ग्रॅम. त्याहून हलके घेतले तर शर्ट आरपार दिसतो, मुली आतून आणखी एक कपडा घालतात आणि सगळा फायदा संपतो. १३० च्या वर गेले तर घामाने जड होते. खांदा दुहेरी, बाही कोपरापर्यंत, घेर छातीपेक्षा १२ ते १४ सेंटिमीटर जास्त, खाली चार सेंटिमीटर दुमड वाढीसाठी. अर्धी चड्डी, पँट, स्कर्ट यांना मात्र मिश्रण चालेल. तिथे घासणूक जास्त असते आणि सुती लवकर फाटते. फक्त सदऱ्याचे कापड बदलायचे म्हटले तर खर्चाची वाढही निम्म्यावर येते. उरलेला भार जिल्हा परिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या निधीतून उचलता येईल का, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. तो ‘बजेट नाही’ या दोन शब्दांत मिटवू नये.

आक्षेप येतात ते खरे आहेत. जूनमध्ये शाळा सुरू होते, तेव्हा चार महिने पाऊस, सुती कापड वाळत नाही. म्हणूनच पालकांची पसंती टेरिकॉटला असते आणि ती चुकीची नाही. पण तोच गणवेश मुलाला मार्च-एप्रिलमध्येही घालायचा असतो, सकाळची शाळा सुटून साडेअकरा-बाराला टळटळीत उन्हात दोन-दोन किलोमीटर चालायचे असते, हे जूनमध्ये कुणाच्या लक्षात राहत नाही. चौरस मीटरला शंभर ग्रॅम वजनाच्या सीव्हीसी कापडाचा सदरा दिवसाआड पाळीने पावसातही पंख्याखाली वाळतो. नाहीच जमले तर दोन जोड एकदम देण्याऐवजी एक सदरा जूनमध्ये मिश्र कापडाचा आणि दुसरा जानेवारीअखेर सुती, असा मार्ग आहे. जानेवारीत मुलाची उंचीही वाढलेली असते, माप नव्याने घेता येते. फक्त जूनमध्ये गेल्या वर्षीचा जोड जोडीला चालेल ना, हे घरोघर विचारावे लागेल.

दुसरा आक्षेप आटण्याचा. साधे सुती कापड पहिल्या दोन-तीन धुण्यांत ५ ते ८ टक्के आटते. टेरिकॉटच्या सवयीने शिंपी ते न भिजवताच कापतो, सदरा आखूड होतो आणि दोष सुताला लागतो. कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, न पिळता, सावलीत वाळवून मगच कापायचे. दीड मीटर लागणार असेल तर त्यात बारा सेंटिमीटर वाढवून घ्यायचे. या आटण्याचा एक फायदाही आहे: धागे जवळ येतात, भोके बुजतात, कापड ऊन जास्त अडवते. भिजवल्याने गिरणीची खळही निघते. खळ राहिली तर नवे सुती कापडही पाणी पीत नाही. थेंब टाकून पाहा, तीन-चार सेकंदांत मुरला पाहिजे. मणी होऊन राहिला तर अजून खळ आहे किंवा त्यावर सिलिकॉनचा हात फिरवलेला आहे.

आणि पुरवठादाराने सांगितलेले प्रमाण खरे की नाही हे समितीला तिथल्या तिथे तपासता येते. काठाचे चार उभे आणि चार आडवे धागे ओढून काढा, चिमट्यात धरून पेटवा. सूत कागदासारखा वास देत जळते, मऊ राखाडी राख राहते. पॉलिएस्टर आक्रसून वितळते आणि कडक काळी गोळी राहते. मिश्रणात दोन्ही दिसते, आणि गोळी जितकी मोठी तितके पॉलिएस्टर जास्त. नेमके प्रमाण असे कळत नाही, पण ‘शंभर टक्के सुती’ म्हणून गळ्यात मारलेले टेरिकॉट पकडायला एवढे पुरते. मालाच्या पहिल्या ताग्यावर ही परीक्षा करून घ्यावी आणि नमुन्याचा वीतभर तुकडा सहीनिशी फाईलला लावावा. मग दुसऱ्या खेपेत हलका माल आला तर बोलता येते. कापड मिळत नाही ही सबब तर टिकतच नाही. घाट चढून गेले की इचलकरंजी, किनाऱ्याच्या उत्तर टोकाला भिवंडी. पॉपलिन, केंब्रिक आणि मांजरपाट आपल्या उंबऱ्यावर विणले जाते.

धुण्याबद्दल थोडेसे, कारण चांगला कपडाही इथे मिठाने वाया जातो. घामातले आणि खाऱ्या वाऱ्यातले मीठ कापडात राहिले तर हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतले पाणी ओढून घेते. दोरीवर वाळलेला सदरा रात्री पुन्हा दमट लागतो तो यामुळे. अंगातून काढल्याबरोबर कपडा गोड्या पाण्यात बुचकळावा, साबणानंतर दोन पाण्यांतून काढावा. मऊपणासाठी शेवटच्या पाण्यात घालतात ते द्रव सुतावर थर धरते आणि त्याची पाणी पिण्याची शक्ती घालवते, ते उन्हाळ्यात बंदच ठेवावे. कांजीही नको, ती विणीची भोके बुजवते. क्लोरीनच्या ब्लीचने सूत आणि रंग दोन्ही मरतात. उलट धुण्याच्या पावडरीत शुभ्रतेसाठी जे द्रव्य असते ते अतिनील किरण शोषते, त्यामुळे पांढरे कपडे काही धुण्यांनंतर ऊन थोडे जास्त अडवतात.

पोशाखाचे नियम बदलता येत नाहीत, असे जे म्हणतात त्यांनी वकिलांच्या काळ्या कोटाकडे पाहावे. इतका जुना, इतका प्रतिष्ठेचा पोशाख, तरी बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत उच्च आणि सर्वोच्च न्यायालय सोडून इतर न्यायालयांत उन्हाळ्यात कोटाची सक्ती नाही. मग महामार्गाच्या कामावरच्या मजुराला घन पॉलिएस्टरच्या जाकिटाऐवजी जाळीदार पाठीचे जाकीट देण्याला कोणती परंपरा आडवी येते? चमकदार पट्टे जाळीवरही शिवता येतात आणि तशी जाकिटे बाजारात आहेत. एसटीच्या इंजिनाशेजारी सहा-सहा तास बसणाऱ्या चालकाचा खाकी सदरा, बंदोबस्ताला उन्हात उभ्या पोलिसाचा गणवेश, नगरपरिषदेच्या सफाई कामगाराचा पोशाख, प्रत्येक ठिकाणी खाकीचा किंवा निळ्याचा छटाक्रमांक ठरवणारे कुणीतरी असते. त्याच माणसाने त्याच कागदावर सुताचे प्रमाण, वजन आणि घेर या तीन ओळी वाढवायच्या आहेत.

शाळांपुरते बोलायचे तर या तीन ओळींचा ठराव डिसेंबरच्या सभेत व्हायला हवा. जानेवारीत नमुने मागवून ते भिजवून, जाळून, बत्तीवर धरून पाहता येतात, फेब्रुवारीत माप आणि मागणी जाते आणि कापड मार्चअखेर शिंप्यांकडे पोचते. एप्रिलमध्ये ठराव केला तर हातात उरतो तो जूनचा मुहूर्त आणि दुकानात शिल्लक असलेले टेरिकॉट.